विषय: सौर वादळ आणि नागपूरचा तो फॉरवर्ड

नमस्कार मंडळी,

आईचा आत्ताच नागपूरहून फोन आला. तिच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की उद्या सौर वादळ आहे, रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल जवळ ठेवू नका. इकडे मिनियापोलिसला म्हणताहेत की नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश, दिसतील. दोन्ही एकच का? काका, तुम्ही आता नागपुरातच असता, लिहाल का जरा? आई घाबरली आहे.

— मिनियापोलिसहून

---

बेटा,

दोन्हीच्या मागे सौर वादळ एकच. पण आईला सांग, मोबाइल खुशाल उशाशी ठेवा. हे वादळ माणसाच्या अंगाला लागत नाही. वातावरण आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याला सांभाळतं. त्रास होतो तो उपग्रहांना, जीपीएसला आणि लांब पल्ल्याच्या वीजवाहिन्यांना. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेकची वीज दीड मिनिटात कोलमडली आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात बसले. नागपूर चुंबकीय विषुववृत्ताच्या पुष्कळ जवळ आहे, त्यामुळे इथे तसा धोका फार कमी.

राहिली वेळ. साडेबारा ते साडेतीन इतकं नेमकं जगात कुणीच सांगू शकत नाही. सूर्यावर स्फोट झाला की त्याचा प्रकाश आठ मिनिटांत पोचतो. पण वादळ आणतो तो प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा ढग, त्याला साधारण एक ते तीन दिवस लागतात. तो निघालेला सोहो यानाच्या कॅमेऱ्यात दिसतो, वेगावरून अंदाज बांधतात, आणि त्यात दहा-बारा तासांची चूक सहज होते.

खरी अडचण पुढेच आहे. ढगातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तरच ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळून जोराचं वादळ होतं, आणि ही दिशा फोटोत दिसत नाही. ती मोजता येते एल-१ बिंदूवर, इथून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर. आपलं आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. पण हे अंतर सूर्यापर्यंतच्या वाटेचा जेमतेम शंभरावा भाग! मुंबईहून गाडी सुटल्याचं कळावं आणि डब्यात काय आहे ते नागपूरच्या तोंडाशी खापरी स्टेशन आल्यावर, तसं. हाती उरतात पंधरा मिनिटं ते तासभर.

म्हणून तू अमेरिकेतल्या बोल्डरच्या अंतराळ हवामान केंद्राच्या पानावर केपी (वादळाच्या जोराचा ० ते ९ आकडा) बघच, पण त्याहून बीझेड बघ, म्हणजे त्या क्षेत्राची उत्तर-दक्षिण दिशा; उणे म्हणजे दक्षिणेकडे. तो तास-दोन तास चांगला उणे राहिला की नॉर्दर्न लाइट्स बघायला सगळ्यांना घेऊन गावाबाहेर अंधारात जा.

आणखी एक, आपल्या लोकांना हे ठाऊक असावं असं मला फार वाटतं. सप्टेंबर १८५९ च्या महावादळाची जी मोलाची नोंद जगभर अभ्यासतात, ती मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतली आहे. चुंबकीय उपकरणांवरून माणसांनी डोळ्यांनी वाचून घेतलेली. ती परंपरा भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते, आणि तिची एक वेधशाळा आपल्या नागपुरातही आहे.

— काका, धरमपेठ

---

काका, मनापासून आभार. आयोवात मे २०२४ चं वादळ ऐन पेरणीत आलं होतं. जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ओळ सोडायला लागले, कितीतरी शेतकऱ्यांनी पेरणी थांबवली. तेव्हा लडाखमध्ये हानलेलाही आकाश लाल दिसलं होतं ना? मग नागपूरहून काही दिसेल का?

— आयोवाहून

---

हो, हानलेच्या कॅमेऱ्यांत टिपलं गेलं. पण ते ३२ अंशांच्या वर, आपण २१ वर. नागपूरहून आशा धरू नका. तुम्ही दोघी मात्र उत्तरेकडचं क्षितिज मोकळं असलेली जागा आजच हेरून ठेवा.

— काका