बायोफिल्म : शेवाळ, जैवपटल की बुळबुळ?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर) : आमच्या वसाहतीसाठी पिण्याच्या पाण्याविषयी मराठीत एक माहितीपत्रक तयार करीत आहे. नळीच्या आतल्या बाजूस जिवाणूंचा जो थर धरतो (इंग्रजीत ‘बायोफिल्म’), त्याला मी ‘शेवाळ’ लिहिले होते. परंतु जीवशास्त्र शिकविणाऱ्या माझ्या नणंदेने तो शब्द खोडला, कारण शेवाळाला प्रकाश लागतो आणि जमिनीखालच्या नळीत तो मिळत नाही. तिचे म्हणणे पटले, पण तिने सुचविलेला ‘जैवपटल’ आमच्या शेजारणींना कळणार नाही. मागच्या आठवड्यात प्लंबरने घरातली जुनी लोखंडी नळी कापली, तेव्हा मी आत बोट फिरवून पाहिले. तांबूस गंजावर, भेंडी चिरताना बोटांना लागतो तसा निसरडा थर होता. याला घरगुती शब्द कोणता?

उत्तर (रामबाग) : ताई, ‘जैवपटल’च ठेवावा. हे जिवाणू स्वतःभोवती शर्करा आणि प्रथिने यांचा चिकट पदार्थ स्रवतात व त्यातच वस्ती करतात, म्हणून पाण्यातील क्लोरीन तरंगते जिवाणू मारते तरी थराच्या तळापर्यंत क्वचितच पोहोचते. नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे असे भारतीय मानक सांगते. तेवढे असूनही हा थर टिकतो. ‘बुळबुळ’ म्हटले की लोक नुसता मळ समजतील.

उत्तर (लोकमान्यनगर) : ‘पटल’ म्हटले की मला डोळ्यावरचे पटलच आठवते. आपल्याकडे ‘कीटण’ आहे, संस्कृत ‘किट्ट’ म्हणजे मळ, त्याच्याच कुळातला. दातांवरचा मऊ थरही बायोफिल्मच असतो. सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहणारे डच संशोधक लेव्हेनहूक यांनी 1683 साली आपल्या दातांवरचा मळ भिंगाखाली धरून त्यातले हलते जीव वर्णन केले होते.

उत्तर (रामबाग) : काका, कीटण कडक असते, ते खरवडावे लागते. तवंग पाण्यावर तरंगतो, साय वरून उचलता येते. भिंतीला धरून राहणारे, ओले आणि वाढणारे असे तिन्ही अर्थ यांतील एकाही शब्दात नाहीत.

उत्तर (नारायणबाग) : माझी आजी तांब्याच्या हंड्यात हात घालून ‘बुळबुळ धरली’ म्हणत असे आणि चिंच लावून हंडा घासत असे. ‘धरणे’ या क्रियापदातच चिकटणे आणि वाढणे दोन्ही आले, मग नव्या नामाची गरज काय? शिवाय इंदुरातली निम्मी मराठी घरे अशा थराला सरसकट ‘काई’ म्हणतात.

उत्तर (लोकमान्यनगर) : ‘काई’ हिंदी आहे आणि तिचा अर्थ शेवाळच. मराठी पत्रकात ती नको.

उत्तर (नारायणबाग) : चार पिढ्या ज्या घरांत तो शब्द बोलला जातो, त्या घरांना तो परका कसा?

प्रश्नकर्ती : मला आणखी एक क्रियापद हवे आहे. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर येते आणि आमच्याकडे एक दिवसाआड सुटते. रिकाम्या नळीत पाण्याचा पहिला लोंढा शिरला की थराचे तुकडे सुटून बादलीत येतात, म्हणून सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नये, एवढे मला सांगायचे आहे. तुकडे ‘निखळतात’ लिहावे की ‘उखडतात’?

उत्तर (रामबाग) : ‘उखडतात’ हिंदी वळणाचे वाटते.

उत्तर (नारायणबाग) : आमच्याकडे भिंतीचा गिलावा उखडतो, आणि तो मराठीतच उखडतो.