सल्ला हवा: गद्दार क्लेरिक खेळायचाय, माइकला बजेट १५००

तटावरचा_उंदीर: मु. पो. इंदूर, राजेंद्रनगर. दर शनिवारी रात्री डिस्कॉर्डवर आम्ही पाच जण डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतो, पाचवी आवृत्ती. माझा क्लेरिक, म्हणजे मंत्रांनी जखमा भरणारा पुजारी, वेढा पडलेल्या शहराचा दरवाजा शत्रूला उघडून देणार आहे. बदल्यात तीनशे कैदी सुटतील. खेळ चालवणाऱ्या मास्टरला ठाऊक आहे, बाकीच्यांना नाही. त्यांना आधी सांगू का? आणि कुजबुज नीट जाईल असा माइक सुचवा. १५०० च्या वर एक रुपया नाही.

छप्पनवाला_ऑर्क: भिया, कंडेन्सर माइकच घे, बारीक आवाजही पकडतो. मी साडेसहा हजारांचा घेतला, स्टँडसकट. त्याच्या खाली बघूच नको. शेजारच्या कुत्र्याचं भुंकणंही येतं त्यात, पण ते सोड.

सराफ्यातली_चेटकीण: कंडेन्सर घेऊन फसलेली मी. कुजबुज पकडेना म्हणून आवाज चढवला, रात्री साडेअकराला "त्या पोराला विकून टाक" म्हणाले आणि पलीकडच्या खोलीतून आजी उठून आली. आता साधा वायरचा हेडसेट आहे, माइक ओठांशी, तुझ्या बजेटात बसतो. आणि सांगून टाक रे. मी चोर होऊन आपल्याच टोळीची तिजोरी साफ केली होती. वर "माझं पात्र असंच वागणार" हे तुणतुणं. तीन आठवड्यांत ग्रुप मोडला. खेळाडूंना माहीत असू दे, पात्रांना नको. मग तेच हौसेनं तुझ्या जाळ्यात पाय टाकतात.

जुना_फासा: आधी अलाइनमेंट ठरव, म्हणजे पात्राचा नैतिक कल. नऊ खण आहेत, पहिल्यापासून.

छप्पनवाला_ऑर्क: पहिल्यापासून नाहीत काका. खेळाच्या १९७४ च्या पहिल्या डब्यात लॉ, न्यूट्रल, केऑस, एवढंच. चांगलं-वाईट नंतर आलं.

जुना_फासा: तुम्ही पाहिलाय तो डबा?

छप्पनवाला_ऑर्क: तुम्ही पाहिलाय?

सुभेदार_लेव्हल७: गद्दाराचा नमुना घरचाच आहे की. गंगोबातात्या चंद्रचूड. १७६७ मध्ये मालेराव होळकर गेले आणि होळकरांच्याच या दिवाणानं राघोबादादांना दौलतीवर फौजेसकट बोलावलं. स्वतःला तो खलनायक समजत असेल? दत्तक घ्या, दौलत सांभाळा, असंच काहीतरी मनाला समजावत असणार. सोबत आपलं वजनही वाढत होतं, ते वेगळं. तुझ्या क्लेरिकचं पुण्य फार स्वच्छ आहे. त्या तीनशेंत त्याचा सख्खा भाऊ घाल. मग बघ, तो स्वतःलाच खरं सांगू शकतो का.

पोहे_पॅलाडिन: सगळं सोडा, बाल्डर्स गेट ३ हा डी अँड डीवरचा व्हिडिओ गेम घ्या. तिथं हवी तेवढी गद्दारी करा. फक्त १५० जीबी एसएसडी मोकळी लागते.

तटावरचा_उंदीर: बजेट वाचलं का? आणि त्यात चौघंच खेळतात, आम्ही पाच.

पोहे_पॅलाडिन: एकाला काढा.

जुना_फासा: माझं मत, सोबत्यांना आधी सांगावं. आणि कंडेन्सर नको.

सराफ्यातली_चेटकीण: काका, हेच मी वर लिहिलंय.

तटावरचा_उंदीर: ठरलं. कोणाला सांगत नाही, माइकही घेत नाही. क्लेरिकनं मौनव्रत धरलंय, त्याचं सगळं मी टाइप करीन. भाऊ मात्र घेतला, सुभेदार.

सराफ्यातली_चेटकीण: मौन? अरे, क्लेरिकच्या बहुतेक मंत्रांना उच्चार लागतो! जखमा कशा भरशील?

तटावरचा_उंदीर: मास्टरच्या अजून लक्षात आलेलं नाही. शनिवारपर्यंत सगळे गप्प बसा.