टॉमकॅटच्या लिबमध्ये जार टाकणं बंदच करा. पटतंय का?

तापीकाठ (जळगाव)
आमच्याकडे एकाच टॉमकॅट ९ वर (जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर) पाच वॉर, म्हणजे पाच ॲप्सची पॅकेजं, चालतात. त्यातली एक सोप (एक्सएमएल संदेशांवर चालणारी) सर्व्हिस वजनकाट्याची पावती घेऊन व्यापाऱ्याच्या खात्यात टाकते. केळीच्या गाड्या भरायच्या वेळी ती पडली की फोन खाली ठेवता येत नाही. मागच्या आठवड्यात सर्व्हर जावा ८ वरून ११ वर नेला आणि पहिल्याच पावतीला 'नोक्लासडेफफाउंडएरर', जॅक्सबीकॉन्टेक्स्ट हा क्लास सापडत नाही. त्यात नवल नाही. जावा ११ मधून (२०१८) जॅक्सबी, म्हणजे एक्सएमएल आणि जावा यांच्यात अदलाबदल करणारी लायब्ररी, काढूनच टाकलंय.

आमच्या सिनिअरनी जॅक्सबीच्या सगळ्या जार (जावाच्या कोडच्या फाइली) टॉमकॅटच्या स्वतःच्या, पाचही वॉरना सामायिक असलेल्या लिब फोल्डरात टाकल्या, रिस्टार्ट मारला आणि चहाला गेले. सोप सर्व्हिस चालू झाली. मग भावफलकाच्या वॉरनं बोंब मारली: जॅक्सबीकॉन्टेक्स्टला जॅक्सबीकॉन्टेक्स्टमध्ये कास्ट करता (त्या प्रकारचा म्हणून वापरता) येत नाही! नाव तेच, पॅकेज तेच. दोन रात्री गेल्या. माझं मत: ज्याची जार त्याच्याच वेब-इन्फमध्ये (वॉरच्या आतलं फोल्डर). सामायिक लिबला हात लावणाऱ्याचा पासवर्ड काढून घ्या.

भुसावळ_जंक्शन
एक सांगा, त्या भावफलकाच्या वॉरमध्ये जॅक्सबीची कोणती जार आहे? नुसती व्याख्या देणारी एपीआय, की प्रत्यक्ष काम करणारं इम्प्लिमेंटेशन?

तापीकाठ
नुसती एपीआय. २०१६ पासून पडून आहे, कोणी टाकली कोणालाच आठवत नाही.

भुसावळ_जंक्शन
मग लिबला कशाला शिव्या? टॉमकॅट आधी जेव्हीएमच्या (जावा चालवणाऱ्या इंजिनाच्या) क्लासमध्ये बघतो, मग वॉरमध्ये, आणि शेवटी सामायिक लिबमध्ये. जावा ८ मध्ये जॅक्सबी जेव्हीएममध्येच होतं, म्हणून तुमची ती जार इतकी वर्षं नुसती बसून होती. ११ आल्यावर ती जागी झाली. कॉन्टेक्स्ट क्लास वॉरमधून आला, इम्प्लिमेंटेशन लिबमधून. ते इम्प्लिमेंटेशन लिबमधल्या कॉन्टेक्स्टला ओळखतं, वॉरमधल्याला नाही. लिबमध्ये काही टाकलं नसतं, तरी 'इम्प्लिमेंटेशन सापडलं नाही' म्हणून ती वॉर पडलीच असती. सिनिअरनी आजार दिला नाही, आजाराचं नाव बदललं.

वांग्याचं_भरीत
कोणाला 'तोच क्लास, तरी वेगळा' हे पटत नसेल तर एसटीत बसा आणि कंडक्टरला म्हणा, 'एक पिंपळगाव द्या.' तो विचारणार, कोणतं? बुद्रुक, खुर्द, की हरेश्वर? जेव्हीएमचंही तेच. क्लासची ओळख नुसत्या नावानं होत नाही, नाव अधिक लोडर (क्लास मेमरीत आणणारा). दोन लोडरनी एकच फाइल उचलली तरी ती दोन गावं.

धुळेवाला
मी तापीकाठ यांच्या विरोधात. 'लिबमध्ये काहीच नको' हे पुस्तकी झालं. डेटाबेसचं कनेक्शन पूल (तयार जोडण्यांचा साठा) टॉमकॅटकडे ठेवलंय का? मग जेडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारी जार) लिबमध्येच लागतो, पूल टॉमकॅट बनवतो, तुमची वॉर नाही. शिवाय आमचं मशीन ४ जीबीचं. पाच वॉरमध्ये त्याच जार पाचदा म्हणजे मेटास्पेसमध्ये (क्लासची माहिती ठेवायची मेमरी) तेच क्लास पाचदा. साहेब नवी रॅम देत नाहीत, उन्हाळ्यात सर्व्हरच्या खोलीला एसी द्यायलाच रडतात.

तापीकाठ
ड्रायव्हरचं मान्य, तो अपवाद. रॅमचं नाही मान्य. रॅम वाचवायला दोन रात्री घालवल्या तर हिशोब कुठे बसतो?

आणि दुसरा काटा ऐका. लिबमध्ये गेलेल्या जारला वॉरच्या पोटातलं दिसत नाही. आमची सोप क्लायंटची जार लिबमध्ये, तिला लागणारी लॉगिंगची जार वॉरमध्ये. फाइल डोळ्यांसमोर आहे, एरर म्हणतो नाही. पोर बापाला बघू शकतं, बाप पोराला नाही.

यावलकर_कोडर
तुम्ही सगळे अंदाजानं जार हलवताय, हा खरा रोग. आधी बघा तरी क्लास येतो कुठून. सर्व्हर सुरू करताना जावा ८ ला 'व्हर्बोज:क्लास' हा पर्याय द्या, ९ पासून 'एक्सलॉग:क्लास+लोड'. प्रत्येक क्लाससमोर कोणत्या फाइलमधून उचलला ते छापून येतं. हजारो ओळी पडतात, पण जॅक्सबीकॉन्टेक्स्ट शोधलं की जितक्या ठिकाणांहून आला तितक्या ओळी सापडतात. आणि जॅक्सबीच्या त्या कास्टच्या एररमध्ये तर दोन्ही जारचे पत्तेच लिहिलेले असतात. लोक पहिली ओळ वाचून गूगल करतात, पुढचं वाचतच नाहीत.

तापीकाठ
खरं शे भाऊ. आत्ता लॉग काढून पाहिला. पत्ते होते. दोन रात्री होते.

नंदुरबारी
२०२६ मध्ये हा वादच कशाला? प्रत्येक सर्व्हिसची सर्व्हर आत घेतलेली एकच जार करा, पाच सर्व्हिस म्हणजे पाच प्रोसेस. कोणी कोणाच्या लिबमध्ये नाक खुपसायला नको.

धुळेवाला
पाच प्रोसेस म्हणजे पाच जेव्हीएम. वर सांगितलं ना, ४ जीबी.

भुसावळ_जंक्शन
नंदुरबारी यांचं नव्या कामाला चालेल. पण जुन्या वॉर उचलून कोणी थेट टॉमकॅट १० वर टाकू नका, तिथे पॅकेजच्या नावात 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' झालंय. सर्व्हलेटचेच (वेब विनंत्या हाताळणारे) क्लास सापडणार नाहीत. वेबॲप्स-जावाईई नावाच्या फोल्डरात ठेवली तर तो स्वतः बदलून घेतो. सगळ्याच वॉरचं त्यानं भागतं असं नाही.

तापीकाठ
अपडेट: भावफलकात इम्प्लिमेंटेशनची जार टाकली, सोपच्या जार तिच्या वॉरमध्ये परत नेल्या, लिबमध्ये फक्त ड्रायव्हर ठेवला. पाचही चालू. सिनिअर म्हणतात, 'मी टाकलं तेव्हाही एक तर चालू झालीच होती ना!' आता यांना काय सांगावं.

धुळेवाला
त्यांचं चुकलं नाही, पावत्या तर सुरू झाल्या. मेटास्पेस किती वाढलं, तो आकडा टाका.