शब्दचर्चा : स्टेंटची ‘जाळी’ आणि ‘रक्त पातळ करायची गोळी’

माझे काका रावेर तालुक्यात केळी करतात. नुकतीच त्यांची अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी आत फुगा फुगवून रुंद केली आणि तिथे स्टेंट बसवला. घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं, “जाळी चोकअप झाली तर काढून धुता येते का रे?” ठिबकच्या फिल्टरची जाळी ते नेमाने काढून धुतात, म्हणून हा प्रश्न. स्टेंटला ‘जाळी’ म्हणणं बरोबर आहे का?

प्रतिसाद : आमच्या अमळनेरकडे ‘स्प्रिंग टाकली’ म्हणतात. ‘जाळी’ दिसण्यापुरती बरोबर आहे, पण ती काही गाळत नाही. फुग्याने रुंद केलेली रक्तवाहिनी पुन्हा आत दबू नये म्हणून तो टेकू आहे. १९७७ साली झुरिकला डॉ. ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला, तेव्हा स्टेंट नव्हताच. वाहिन्या पुन्हा अरुंद व्हायच्या, म्हणून १९८६ पासून स्टेंट बसवू लागले. काकांना बोअरचं ‘केसिंग’ सांगा, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून आत घालतात तो पाइप.

मूळ प्रश्नकर्ता : केसिंग लगेच पटलं! पण आता म्हणतात, “केसिंग पडलं म्हणजे काम झालं, मग गोळ्या कशाला?”

प्रतिसाद : खरा घात ‘रक्त पातळ’ या शब्दाने होतो. माझ्या आईने याच शब्दापायी गोळी बंद केली होती. थकवा आला की म्हणायची, “मन्हं रगत पातय व्हई गयं” (माझं रक्त पातळ झालं). आपल्याकडे पातळ म्हणजे पाणी घातलेलं, कस गेलेलं. गोळीने रक्ताचा दाटपणा बदलतच नाही. फुग्याने वाहिनीचं आतलं अस्तर खरवडलं जातं, त्यात धातू परका. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी धरणाऱ्या बारीक पेशी, तिथे धावतात, चिकटतात, एकमेकींना बोलावतात. मागोमाग पांढऱ्या पेशी येतात. धातूवर नवं अस्तर चढायला काही आठवडे ते महिने जातात. तोवर गोळी सुटली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. मी आता ‘गुठळी धरू न देणारी गोळी’ म्हणते. लांबलचक आहे, पण खोटं नाही.

आणखी एक. डेंग्यूत ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा बोलणं प्लेटलेटबद्दल असतं. दोन्ही वेगळ्या. विश्वकोशात प्लेटलेटला ‘बिंबाणू’ म्हटलंय, तो शब्द मला फार आवडतो. आईच्या रिपोर्टात प्लेटलेट २ लाख ४० हजार होत्या. “इतक्या चांगल्या आहेत, मग गोळी का?” हा तिचा दुसरा प्रश्न. ही गोळी, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, प्लेटलेटचा आकडा कमी करत नाही, चिकटपणा घालवते. बिंबाणू जगतो जेमतेम ८-१० दिवस. रोज नवे तयार होतात, म्हणून गोळीही रोज.

मूळ प्रश्नकर्ता : काकांना वाचून दाखवलं. ‘बिंबाणू’ त्यांच्या तोंडी बसला नाही, प्लेटलेटच ठेवलं. पण पाकिटावर स्केचपेनने स्वतःच्या हाताने लिहिलंय : ‘केसिंगची गोळी. डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद नाही.’