मदत हवी आहे: कथेचं बीज नेमकं कुठलं धरू?

नमस्कार मंडळी. एका लघुकथेत अडकले आहे. पार्श्वभूमी उजनी धरणाची. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि इंदापूर, करमाळ्याकडची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं दगडी मंदिर उघडं पडतं, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल.

माझी नायिका सत्तरी ओलांडलेली. पाणी हटलं की तिला आपल्या घराचं जोतं शोधायला जायचंय. मुलगा त्याच जलाशयात मासेमारी करतो; पाणी फार आटलं की त्याचा धंदा बसतो. आई ज्याची वाट बघते, त्याचीच लेकाला धास्ती.

प्रसंग भरपूर सुचलेत, पण कथा कशाबद्दल आहे ते एका वाक्यात सांगता येत नाही. विस्थापन हा विषय झाला, बीज नव्हे. मला वाटतं, बीज या दोघांच्या एकमेकांविरुद्धच्या इच्छांमध्ये आहे. पण तसं धरलं तर जोतं सापडतं की नाही याला महत्त्वच उरत नाही, आणि तोच प्रसंग मला सर्वांत जवळचा आहे! तो काढायला मन धजत नाही.

तुम्ही बीज आधी पक्कं करता, की पहिला खर्डा झाल्यावर शोधता? आणि ही कथा मुलाच्या बाजूने सांगितली तर बीज जास्त स्पष्ट होईल का? लिहिणाऱ्यांनी आणि नुसतं वाचणाऱ्यांनीही जरूर सांगा.