सातनंतर माझी साईट अडकते, कंपनीचं ॲप मात्र पळतं. ही नेट न्यूट्रॅलिटीची (नेटवर सगळ्या साईटींना सारखी वागणूक) तक्रार होते का?

लांज्याच्या_बाई
मी लांजा तालुक्यात शिकवते. दहावीच्या मराठीचे धडे, कविता माझ्या आवाजात रेकॉर्ड करून एका छोट्या साईटवर ठेवते. जाहिरात नाही, लॉगिन नाही, एकेक फाईल चार-पाच एमबीची. मुलं घरचं आवरून सात ते दहाच्या दरम्यान ऐकायला बसतात आणि नेमकं तेव्हाच अडकतं.

परवा एका विद्यार्थिनीच्या घरी बसून स्वतः पाहिलं. प्ले दाबलं, गोल फिरत राहिला. पहिलं कडवं संपेपर्यंत आवाज तीनदा तुटला. शेजारीच, त्याच वायफायवर, तिचा भाऊ प्लॅनसोबत मिळालेल्या ॲपवर मालिका बघत होता. ती एकदाही थांबली नाही.

कनेक्शन देणाऱ्याला फोन केला. म्हणाला, "मॅडम, बारक्या साईटी अशाच चालतात. तुमचे धडे आमच्या ॲपवर टाका ना, मस्त चालतील."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. वायर ओढून दिली म्हणून पोरांनी काय ऐकायचं हेही तोच ठरवणार? नेट न्यूट्रॅलिटीचे नियम करा म्हणून 2015 साली ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, लाखो लोकांनी ईमेल केले, त्यात माझाही होता. त्या नियमांचं पुढे काय झालं? दाद कुठे मागायची?

फायबर_जोडणारा
बाई, मी याच धंद्यात आहे म्हणून आधी एक सांगतो. मुद्दाम वेग कमी केला असेलच असं नाही. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपले कॅशे सर्व्हर (व्हिडिओच्या प्रती साठवणारी यंत्रं) प्रोव्हायडरच्याच जागेत बसवतात. ती मालिका तिथूनच येत असणार. तुमची फाईल मात्र प्रोव्हायडरने विकत घेतलेल्या बाहेरच्या बँडविड्थवरून (डेटा वाहून नेण्याच्या क्षमतेवरून) येते, आणि ती कमी घेतली असेल तर संध्याकाळी तुंबते. ट्रायने 2017 च्या शिफारशींमध्ये अशी जवळ प्रती ठेवण्याची, म्हणजे सीडीएनची, व्यवस्था नियमाबाहेर ठेवली.

म्हणून आधी तपासा. रात्री साडेआठला, एकाच लॅपटॉपवर, आधी साधं आणि मग व्हीपीएन लावून (म्हणजे दुसऱ्या सर्व्हरमार्गे, कोणती साईट ते प्रोव्हायडरला दिसू न देता) तीच फाईल ऐका. मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ट्रेसर्ट (tracert) ही आज्ञा देऊन साईटपर्यंतचा रस्ता बघा. व्हीपीएनवर सुरळीत चाललं तर बाहेरची बँडविड्थ कमी पडते हे कारण टिकत नाही. मग उरतं रस्त्यातलं दुखणं, नाहीतर मुद्दाम अडवणं. नुसतं "स्लो आहे" म्हटलं तर कोणी दाद देत नाही, वेळ आणि स्क्रीनशॉट लागतात.

दुपारचा_वकील
नियमांचं विचारलंत. तेव्हा ईमेल दहा लाखांवर गेले होते. पण ट्रायने खरा नियम केला 8 फेब्रुवारी 2016 ला: कोणती साईट उघडता यावरून डेटाचा दर बदलायचा नाही. मोडलं तर दिवसाला 50,000 रुपये दंड, जास्तीत जास्त 50 लाख. ठराविक साईटी फुकट दाखवणारं फेसबुकचं फ्री बेसिक्स त्यामुळेच बंद पडलं. ते आधी इंटरनेट डॉट ऑर्ग नावाने ज्या राज्यांत सुरू झालं त्यात महाराष्ट्रही होता. फुकट होतं, पण फुकट काय दिसेल ते फेसबुकच्या अटींवर ठरायचं. तुमच्यासारखी साईट त्यात नसती तर गरीब पोरासाठी ती नव्हतीच.

तुमचा प्रश्न दराचा नाही, वेगाचा आहे. तो 2018 मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या परवान्याच्या अटींमध्ये आला: मजकूर पाहून अडवणं, मंद करणं किंवा एखाद्याला जास्त वेग देणं, तिन्ही बंद. नेटवर्क सांभाळायला काही करावं लागलं तर ते गरजेपुरतं, तात्पुरतं आणि जाहीर करून.

तक्रार आधी कंपनीच्या केंद्रात, डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) घेऊनच. मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे. तिथेही नाही झालं तर दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाकडे. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, तिथे वेळ घालवू नका.

सोलकढी
आणि हे संपलेलं नाही. मोठ्या टेलिकॉम कंपन्या 2023 पासून "फेअर शेअर" मागतायत, म्हणजे जास्त ट्रॅफिक पाठवणाऱ्या साईट-ॲपवाल्यांनी नेटवर्कचे पैसे भरायचे. ग्राहक म्हणून आपण ते पैसे आधीच भरतो! आज मोठ्यांकडून, उद्या कोणाकडून? दक्षिण कोरियात नेटवर्कचा खर्च इतर बहुतेक देशांच्या दहापट आहे असं सांगून लाइव्ह व्हिडिओची साईट ट्विच फेब्रुवारी 2024 मध्ये तिथून निघून गेलं. बाईंच्या साईटसारख्यांनी काय करायचं?

लांज्याच्या_बाई
तीन रात्री तपासलं. साधं लावलं की पाच मिनिटांच्या धड्यात चार-पाचदा थांबतं, व्हीपीएनवर एकदाही नाही. सर्व्हर मुंबईत आहे, पण ट्रेसर्टमध्ये रस्ता सिंगापूरला जाऊन परत येताना दिसतो. हे मुद्दाम केलंय की हलगर्जीपणा आहे, मी आत्ताच ठरवत नाही. पण मुंबईची फाईल लांज्याला यायला सिंगापूर का लागतं, याचं लेखी उत्तर मला हवंय. डॉकेट नंबर घेतलाय, स्क्रीनशॉट जोडलेत.

राजापूर, संगमेश्वरकडे कोणी असाल तर आज साडेआठला हेच करून बघा आणि आकडे इथे टाका. एका गावाची तक्रार बाजूला टाकतील, चार गावांची टाकणं जड जाईल.