मदत हवी आहे: कायटोसान-अल्जिनेटची फिल्म पाण्यात टिकते, बफरमध्ये विरते

नमस्कार मंडळी,

एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्प जखमेवर लावायच्या फिल्मचा आहे. कोळंबीच्या टरफलांपासून काढलेलं कायटोसान आणि समुद्रशेवाळातलं सोडियम अल्जिनेट एकत्र करून पातळ, लवचिक पापुद्रा बनवायचा. विषय माझा मीच निवडला. मधुमेही माणसाच्या पायाची जखम घरात जवळून बघितली आहे. वाळून चिकटलेलं गॉज काढताना नुकती धरलेली कातडीही निघून येते आणि माणूस कळवळतो. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवर दाखवून दिलं होतं की ओलावा टिकवून झाकलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने पसरते. तरी अजून आमच्याकडे बहुतेक ठिकाणी कोरडं गॉजच लागतं. म्हणून हे काम नुसतं प्रबंधापुरतं उरकायचं नाहीये.

अडचण अशी. कायटोसान २ टक्के, १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवलेलं. अल्जिनेट २ टक्के, साध्या डिस्टिल्ड पाण्यात. दोन्ही एकत्र केलं की लगेच पांढरे तंतू आणि गुठळ्या होतात. तेच मिश्रण होमोजिनायझरने घोटून, फिल्म लवचिक राहावी म्हणून ग्लिसरॉल घालून पेट्री डिशमध्ये ओतते, ४० अंशांवर वाळवते, मग २ टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये बुडवून धुते. फिल्म दिसायला खरबरीत असते आणि धुऊन पुन्हा वाळली की मोडते.

डिस्टिल्ड पाण्यात ती फुगते पण अखंड राहते. ३७ अंशांना फॉस्फेट बफर सलाइनमध्ये (शरीराइतका पीएच असलेलं खारट द्रावण) ठेवली की दुसऱ्या दिवशी सकाळी चिकट लगदा झालेला असतो. एकीकडे ग्लुटाराल्डिहाइड (साखळ्या एकमेकींना जोडणारं रसायन) घालून पक्की कर असा सल्ला मिळतोय. उघड्या जखमेवर जायच्या वस्तूत ते घालायला मन धजत नाही. जिलेटिन मिसळून लवचिकपणा येईल का, हेही विचारायचं आहे. कुणी हे हाताने केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

पॉलिमर रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून आधी गुठळ्यांबद्दल. आम्लात कायटोसानच्या अमाइन गटांवर धन भार येतो, अल्जिनेटच्या कार्बोक्सिल गटांवर ऋण. दोन्ही दाट द्रावणं समोरासमोर आली की जिथे थेंब पडेल तिथेच एकमेकांना धरून बसतात. शिवाय १ टक्का ॲसेटिक ॲसिडचा पीएच ३च्या आसपास असतो. एवढ्या आम्लात अल्जिनेटचा ऋण भार जातो आणि अल्जिनिक ॲसिड स्वतःच साका होऊन खाली बसतं. म्हणजे तुमच्या डिशमध्ये दोन वेगळ्या कारणांनी गुठळ्या होत असणार.

दोन्ही द्रावणं ०.५ टक्क्यापर्यंत पातळ करा. कायटोसान पूर्ण विरघळल्यावर अगदी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून पीएच ५ ते ५.५ वर आणा. ६च्या पुढे जाऊ देऊ नका, ६.५च्या सुमारास कायटोसानच खाली बसायला लागतं. मग होमोजिनायझर चालू ठेवून अल्जिनेट त्यात हळूहळू सोडा. मिश्रण दुधाळ दिसेल, ते चालतं. तंतू दिसता कामा नयेत. ओतण्याआधी बुडबुडे जाऊ द्या आणि ओव्हनची जाळी पाणसळ लावून सपाट आहे ना ते बघा. बरीचशी खरबरीत फिल्म इथेच सुधारते.

आणि कायटोसानच्या बाटलीवर डीॲसिटिलेशनचं प्रमाण (ॲसिटिल गट निघून किती अमाइन गट मोकळे झालेत ते) किती लिहिलंय ते इथे टाका. ७५ टक्के आणि ९५ टक्के हे दोन वेगळे पदार्थ समजून वागावं लागतं.

प्रतिसाद

बफरमध्ये का विरते, त्यावर लिहितो. मी ड्रेसिंगच्या चाचण्यांवर काम केलेलं आहे.

तुमच्या फिल्मला दोन गोष्टी बांधून ठेवतात: कॅल्शियम आणि विरुद्ध भारांची ओढ. फॉस्फेट बफर दोन्हींवर घाव घालतं. त्यातला भरपूर सोडियम कॅल्शियमची जागा घेतो, सुटलेल्या कॅल्शियमला फॉस्फेट पकडून ठेवतं, आणि पीएच ७.४ असल्यामुळे कायटोसानचा धन भार जवळजवळ संपतो. मग अल्जिनेटला धरून ठेवायला उरतं कोण? डिस्टिल्ड पाण्यात यातलं काहीच घडत नाही, म्हणून तिथे फिल्म टिकलेली दिसते. तो निकाल जखमेबद्दल काहीच सांगत नाही.

पण बफरमधला निकालही जखमेचा नाही. जखमेच्या स्रावात कॅल्शियम असतं. ड्रेसिंगच्या युरोपीय मानकात यासाठी वेगळं द्रावण दिलेलं आहे: एक लिटरमध्ये ८.२९८ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ०.३६८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. त्यात ३७ अंशांना पुन्हा ठेवून बघा. फिल्म थोडी जेलसारखी झाली तरी घाबरू नका. बाजारातली कॅल्शियम अल्जिनेटची ड्रेसिंग मुद्दाम तशीच होतात, म्हणून ती जखमेला चिकटत नाहीत. तुमच्यासाठी खरा प्रश्न एवढाच की चिमट्याने उचलल्यावर ती एका तुकड्यात येते का.

ग्लुटाराल्डिहाइडबद्दल तुमच्या मनाचं ऐका. न जुळलेला अंश मागे राहिला तर पेशींना मारतो. तेच जोडायचं काम करणारं जेनिपिन पुष्कळ सौम्य आहे, पण महाग, आणि फिल्म गडद निळी होते. आधी वरची चाचणी करा, कदाचित कशाचीच गरज पडणार नाही.

प्रतिसाद

जिलेटिनचं मी सांगते. कायटोसानसोबत ते छान मिसळतं आणि फिल्म मऊही होते. पण जिलेटिनचं जेल ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं. जोडबंध (साखळ्या रसायनाने एकमेकींना जोडणं) न करता घातलंत तर अंगाच्या उबेनेच पाघळेल.

तुमची फिल्म मोडते त्याचं कारण मला वेगळं वाटतं. ग्लिसरॉल पाण्यात सहज विरघळतं. कॅल्शियमच्या बुडीत आणि धुण्यात ते सगळं निघून जातं. शेवटचं धुणं झालं की फिल्म पातळ ग्लिसरॉलच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा आणि कडा दाबून वाळवा, नाहीतर कडा पापडासारख्या वळतात.

प्रतिसाद

मी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात नर्स आहे. रसायनशास्त्र मला कळत नाही, पण काय लागतं ते सांगू शकते. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरलं, त्यांचे निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी १९८५ मध्ये मुंबईतूनच डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालीचं ड्रेसिंग मांडलं होतं. दोन्हींत गुण एकच: चिकटत नाही, ओल धरतं, काढताना दुखत नाही, आणि गरिबाला परवडतं. बाई, तुमच्या फिल्मची तुलना केवळ महागड्या ड्रेसिंगशी करू नका, पॅराफिन गॉजशी आणि केळीच्या पानाशीही करा. आणि जमलं तर पारदर्शक ठेवा. न उघडता जखम दिसली तर रुग्णाचा केवढा त्रास वाचतो.

एक विनंती. घरच्या कुणाच्या जखमेवर लावून बघू नका. कितीही वाटलं तरी नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नाही ताई, कुणालाही लावणार नाही. आधी फिल्मच्या अर्कावर एल-९२९ पेशींची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या पेशी) चाचणी, आणि प्राण्यांवरचं काम संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय सुरूच होत नाही.

सर, बाटलीवर डीॲसिटिलेशन ८५ टक्क्यांहून जास्त असं लिहिलंय, रेणुभार दिलेला नाही. पीएच ५.३ ला आणून पातळ द्रावणं मिसळली. तंतू आले नाहीत, मिश्रण दुधाळ झालं. फिल्म अर्धपारदर्शक आहे. मानकातल्या द्रावणात ती मऊ होते, पण चिमट्याने अख्खी उचलली जाते. बफरमध्ये अजूनही विरते, आणि आता ते का हे मला मार्गदर्शकांना समजावता येईल.

आता अडलंय ते बाष्पाच्या चाचणीपाशी. निरोगी त्वचेतून दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे २०४ ग्रॅम पाणी उडतं, मांस भरत असलेल्या उघड्या जखमेतून ५१३८ ग्रॅमपर्यंत, आणि ड्रेसिंगसाठी २००० ते २५०० योग्य मानतात. कप पद्धतीने (पाणी भरलेल्या कपाच्या तोंडावर फिल्म बसवून वजन किती घटतं ते बघणं) मोजायचं तर तापमान आणि आर्द्रता दोन्ही स्थिर ठेवणारा कक्ष हवा, आमच्याकडचा बंद आहे. डेसिकेटरमध्ये (हवाबंद भांड्यात) आर्द्रता स्थिर राहावी म्हणून मिठाचं संपृक्त द्रावण ठेवून कुणी हे मोजलंय का? आणि जेल झालेली फिल्म कपाच्या तोंडावर गळती न होता कशी बसवायची?